तुमच्याकडे निदान मुद्द्यांवर बोलतात म्हणे

'आपल्याकडचं राजकारण नुसत्या डायलॉगवर चाललंय, तुमच्याकडे निदान मुद्द्यांवर बोलतात', असं दर निवडणुकीला पुण्याचे मित्र मला ऐकवतात. तुमच्याकडे, म्हणजे इंग्लंडात.

मुद्द्यांवर? जून २०१६ मध्ये या देशाने युरोपीय संघ सोडायचं ठरवलं, तेव्हा सगळीकडे घुमत होते तीन शब्द: 'टेक बॅक कंट्रोल'. कंट्रोल कशावरचा आणि हाती आल्यावर त्याचं करायचं काय, हे ज्याने त्याने मनाप्रमाणे भरून घ्यायचं. मच्छीमाराला त्यात समुद्र दिसला, दुसऱ्या कुणाला बंद झालेली सरहद्द. जोडीला लाल बस फिरत होती, 'आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो' असं सांगणारी. हा आकडा दिशाभूल करणारा आहे, असं देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाआधीच बजावलं होतं. बस फिरतच राहिली. मग डिसेंबर २०१९ मध्ये 'गेट ब्रेक्झिट डन' (युरोप सोडायचं काम उरकून टाका) म्हणत बोरिस जॉन्सनसाहेब ऐंशी जागांच्या बहुमताने आले.

इथले लोक घोषणांना हसत नाहीत असं नाही. २०१७ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी 'स्ट्राँग अँड स्टेबल' इतक्यांदा घोकलं की त्याची टवाळी झाली आणि बहुमतही गेलं. पण हे क्वचित.

आता आपला माल बघा. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' कुठल्या जाहिरातवाल्याने बसून लिहिलेलं नाही. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून कार्यकर्त्याशी फोनवर बोलता बोलता ते बोलून गेले. सरकार पडायला आलेलं आणि आमदार हॉटेलात मजेत. अग्रलेखांना जे चार रकाने लागले असते ते बापूंनी एका दमात सांगून टाकलं! लोकांनी गाणी केली, हसून घेतलं, आणि २०२४ ला सांगोल्याने बापूंना पाडलं. 'मी पुन्हा येईन'चंही तसंच. २०१९ नंतर फडणवीसांना त्यावरून इतकं चिडवलं गेलं की ते वाक्य त्यांचं राहिलंच नाही. पुढे ते खरोखर आले, ही गोष्ट वेगळी.

असल्या वाक्यांची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती २०२४ च्या प्रचारात बाहेरून, योगी आदित्यनाथांकडून, तयार होऊन आलेल्या 'बटेंगे तो कटेंगे'ची. गुळगुळीत, ठेक्यातलं, भीती घालणारं. कोण वाटलं जातंय, कोण कापणार, हे 'कंट्रोल'सारखंच ऐकणाऱ्याने भरायचं. महायुतीतल्याच अजित पवारांनी आणि पंकजा मुंडेंनी त्याला जाहीर नापसंती दाखवली होती. आमच्या ग्रुपवर मात्र त्या आठवड्यात कुणी राजकारणाच्या दर्जाबद्दल हळहळलं नाही. झाडी-डोंगारवर महिनाभर नाक मुरडणारेसुद्धा गप्प होते.