बेवारस जहाजाचा पंचनामा

पुण्यात राहणारी माझी सात वर्षांची नात दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते आणि तिच्या बाईंनी घरी इंग्रजीतच बोलायला सांगितले असल्यामुळे पहिली दहा मिनिटे माझ्यावर सराव करते. महसूल खात्यात एकतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेला मी या दहा मिनिटांना जितका घाबरतो, तितका वार्षिक तपासणीलाही कधी घाबरलो नव्हतो. गेल्या उन्हाळ्यात तिने विचारले, ‘‘आजोबा, काल काय केलं?’’ मी काळजीपूर्वक जुळवाजुळव करून उत्तर दिले, ‘‘आय हॅड गॉन टू मार्केट.’’ पडद्यावरचे दोन डोळे माझ्याकडे रोखून पाहत राहिले. मग ती म्हणाली, ‘‘अँड देन?’’

देन काय? बाजारात गेलो होतो, अर्धा किलो गिलकी घेतली आणि ऊन चढायच्या आत परत आलो. परंतु माझे वाक्य पूर्ण झालेले नसून आता काहीतरी भयंकर घडणार आहे, अशा अपेक्षेने ती थांबली होती आणि मी तिला गिलक्यांखेरीज काहीही देऊ शकत नव्हतो. पुढच्या रविवारीही तेच झाले, त्याच्या पुढच्याही. चौथ्या आठवड्यात मी अमळनेरातील एका इंग्रजीच्या वर्गात नाव घातले. ज्या गावात साने गुरुजी शिक्षक होते, त्या गावात एकसष्टाव्या वर्षी विद्यार्थी होण्यात कमीपणा नाही, असे मी स्वतःला बजावले. नापास होण्याबद्दल मात्र काही बजावता येईना.

वर्गात आम्ही सात जण होतो. एका जिनिंगमधले मुनीम होते, चोपड्याकडचा एक केळी उत्पादक होता, ज्याला माल परदेशी पाठवण्याची कागदपत्रे स्वतः वाचायची होती, सुरतेत नोकरी करणाऱ्या नवऱ्याकडे लवकरच जाणारी एक नवी सून होती आणि उरलेले तिघे कोणत्या ना कोणत्या परीक्षेत नापास झालेले होते. सरांची पद्धत आधुनिक होती. व्याकरणाचे नियम पाठ करायचे नाहीत, एक गोष्ट घ्यायची आणि तिच्यातून सगळे इंग्रजी शिकायचे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी आम्हांला एकेक कागद वाटला. गोष्ट होती ‘मेरी सेलेस्ट’ नावाच्या जहाजाची.

आता खानदेशाचा आणि समुद्राचा संबंध किती, तर आमची तापी त्याला जाऊन मिळते एवढाच. तिच्या कडेकडेने आम्हीही आगगाडीने जातो, पण सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला लागतो आणि समुद्र तिथून पुढे राहतो. त्यामुळे शब्दार्थाच्या पहिल्याच ओळीला वर्ग अडला. अँकर म्हणजे नांगर, असे सरांनी फळ्यावर लिहिले. केळी उत्पादकाने हात वर केला आणि पाण्यात नांगर कशाला लागतो, असे विचारले. जहाज थांबवायला, असे सर म्हणाले. नांगर चालवायचा असतो, थांबवायचा नसतो, असे पंचेचाळीस एकर केळीचा अनुभव असलेल्या त्या गृहस्थाने नम्रपणे निदर्शनास आणून दिले. पुढचे शब्द त्याहून दगाबाज निघाले. होल्ड म्हणजे धरणे हे आम्हांला ठाऊक होते, पण इथे होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातील माल ठेवण्याची जागा होती. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका, तर इथे ती रोजची नोंदवही. नॉट म्हणजे गाठ, पण जहाजाचा वेग गाठींत मोजतात. मेट या शब्दाने तर अब्रूवरच बेतले. मी घरून आणलेल्या शब्दकोशात त्याचा अर्थ ‘जोडीदार’ असा दिला होता. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज यांची पत्नी सारा जहाजावर सोबत असताना त्यांचा ‘फर्स्ट मेट’ म्हणून निराळ्याच माणसाचे नाव यावे आणि खाली एक ‘सेकंड मेट’ही असावा, हे वाचून नव्या सुनेने पदर तोंडाला लावला. मेट म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, हा खुलासा होईपर्यंत मुनीमजींनी ब्रिग्ज कुटुंबाबद्दल आपले मत बनवून टाकले होते.

गोष्ट अशी. ७ नोव्हेंबर १८७२ रोजी हे दोन डोलकाठ्यांचे जहाज न्यू यॉर्कहून इटलीतील जिनोव्हाकडे निघाले. पोटात कच्च्या अल्कोहोलची १,७०१ पिंपे होती. माणसे दहा होती: कप्तान, त्यांची पत्नी, सोफिया नावाची दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी. साराबाईंनी शिलाई मशीन आणि आपल्या बाजाच्या पेटीसारखे एक वाद्यही सोबत घेतले होते. नोंदवहीतील शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, अझोर्स बेटांपैकी सांता मारियाजवळची. त्यानंतर नऊ दिवसांनी, ४ डिसेंबरला, दुसऱ्या एका जहाजाला ‘मेरी सेलेस्ट’ दिसले. शिडे अर्धवट फाटलेली, जहाज आपल्याच तंद्रीत वेडेवाकडे चाललेले आणि आत एकही माणूस नाही. सहा महिन्यांचा शिधा जागच्या जागी होता. कप्तानाची दिशा पाहण्याची उपकरणे आणि जहाजावरची एकुलती एक होडी मात्र नव्हती. ती दहा माणसे पुन्हा कधीही कोणाला दिसली नाहीत.

कागद वाचून संपल्यावर वर्गात बराच वेळ पंख्याचाच आवाज होता. मग वीज गेली आणि तोही थांबला.

सरांनी पहिला धडा घेतला तो पूर्ण भूतकाळाचा, म्हणजे माझ्या जुन्या वैऱ्याचा. दुसऱ्या जहाजाने ‘मेरी सेलेस्ट’ पाहिले ही भूतकाळातील घटना. माणसे निघून गेली ही त्याच्याही आधीची. जी आधीची, तिच्यापुढे ‘हॅड’ लावायचे. एकटी घटना असेल तर ‘हॅड’ लावायचा नाही. इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण मराठी माणसे ‘काल बाजारात गेलो होतो’ असे अगदी सहज म्हणतो आणि त्या ‘होतो’ला पुढे कसलीही जबाबदारी नसते. इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र सावकारासारखा आहे. एकदा दारात बोलावला की दुसरी घटना वसूल केल्याशिवाय उठत नाही. माझी नात चार आठवडे जी वसुली करू पाहत होती, ती हीच. ‘‘तुम्ही बाजारात गेला होतात, त्या आधीच्या काळात. मग नंतर काय झालं?’’ असे सरांनीही विचारले. मी गिलक्यांविषयी सांगितले. ‘‘मग नुसतं वेंट म्हणा,’’ असे ते हताशपणे म्हणाले.

कर्मणी प्रयोगाच्या तासाला मात्र मी अख्ख्या वर्गाला मागे टाकले आणि त्याचे सारे श्रेय सरकारी नोकरीला आहे. ‘द शिप वॉज फाउंड’, ‘द बोट वॉज टेकन’ अशी वाक्ये, ज्यांत करणाऱ्याचा पत्ताच नसतो, ती इतरांना विचित्र वाटत होती. मला मात्र घरी आल्यासारखे वाटले. एकतीस वर्षांत मी एकदाही ‘अमक्याने अमुक केले’ असे लिहिलेले नाही. कार्यवाही करण्यात आली, अर्ज निकाली काढण्यात आला, सदर बाब निदर्शनास आणून देण्यात आली. कोणी केली, कोणी काढला, कोणी आणून दिली, हे लिहिणारा कारकून निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचत नाही. सरांनी गोष्टीचा सारांश कर्मणीत लिहायला सांगितला, तेव्हा मी सरळ पंचनामाच घातला: सदर जहाज बेवारस स्थितीत आढळून आले, आतील मालाची मोजदाद करण्यात आली, एक पंप सुट्या भागांसह उघडलेला दिसून आला, होल्डमध्ये साडेतीन फूट पाणी साचल्याचे नमूद करण्यात आले. हे सगळे इंग्रजीत उतरवताना क्रियापदे आपोआप तिसऱ्या रूपात येत गेली. शेवटी सरांनी विचारले, की निदान जहाज कोणाला सापडले, तेवढा कर्ता तरी ‘बाय’ लावून लिहा. मी कागदात पाहिले. त्या दुसऱ्या जहाजाचे नाव होते ‘देई ग्राशिया’. हे लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ ‘देवाच्या कृपेने’. म्हणजे अवघ्या गोष्टीत एक कर्ता मिळाला, तर त्यानेही जबाबदारी वरच ढकललेली. असा कर्ता आमच्या कार्यालयात निश्चितच बढती मिळवून गेला असता.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. मस्ट हॅव्ह, माइट हॅव्ह, कुड हॅव्ह आणि कान्ट हॅव्ह अशी तर्क करण्याची चार हत्यारे सरांनी फळ्यावर मांडली आणि दहा माणसांचे काय झाले असेल, ते प्रत्येकाने सांगायचे असे ठरले. मुनीमजींनी क्षणाचाही विलंब न लावता खलाशी प्याले असावेत, असा निकाल दिला. सरांनी समजावले, की ते अल्कोहोल पिण्याजोगे नव्हते. मुनीमजींनी आमच्याकडे हातभट्टीवर काय काय पिण्याजोगे मानले जाते, याची थोडक्यात माहिती दिली आणि सरांना ‘कान्ट’ पुसून ‘माइट’ लिहावे लागले. जिब्राल्टरला झालेल्या चौकशीतही तिथल्या सरकारी वकिलांना, फ्रेडरिक सॉली-फ्लड यांना, बंडखोर खलाशांनी दारूच्या नशेत खून पाडले असावेत असाच संशय होता. त्यांना एका तलवारीवर रक्ताचे डाग दिसले. तपासणीत ते रक्त नसल्याचे निघाले. मग त्यांनी जहाज शोधून आणणाऱ्यांवरच संशय धरला. मुनीमजींना हे गृहस्थ फार आवडले.

केळी उत्पादक इतका वेळ गप्प होता. त्याला पंपाची गोष्ट सतावत होती. तो उठून म्हणाला, की पंप उघडला म्हणजे त्यात गाळ अडकला. पंप पाणी ओढत नाही म्हणजे खाली किती पाणी आहे ते कळत नाही. कळत नाही म्हणजे काठी टाकून मोजावे लागते आणि घाबरलेल्या माणसाची काठी नेहमी जास्त पाणी दाखवते. सर थक्क झाले. जहाजावर पाणी मोजण्याची सळई उघड्यावर पडलेली खरोखरच आढळली होती. आधीच्या फेरीत वाहिलेल्या कोळशाच्या भुकटीने पंप तुंबला असावा आणि जहाज बुडते आहे असे वाटून कप्तानाने सर्वांना होडीत उतरवले असावे, हा तर्क अभ्यासकांनी मांडलेला आहे. दुसरा तर्क असा, की नऊ पिंपे नंतर रिकामी निघाली होती, तेव्हा त्यांतून झिरपलेल्या अल्कोहोलच्या वाफेचा स्फोट होईल या भीतीने ते थोडा वेळ दोरीने बांधलेल्या होडीत बसले असावेत आणि दोरी तुटली असावी. आम्ही ‘मस्ट’ की ‘माइट’ यावर वाद घालत होतो आणि ज्याच्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हमध्ये वर्षातून तीनदा गाळ अडकतो, तो माणूस आर्टिकल एकदाही नीट न लावता दीडशे वर्षांपूर्वीच्या अटलांटिक महासागरात जाऊन पोहोचला होता.

घरी येऊन मी ही सारी उठाठेव सौभाग्यवतीला सांगितली. ती चुलीवर वांगी भाजत होती, कारण भरिताचे वांगे गॅसवर भाजणे तिला मंजूर नाही. मी मस्ट हॅव्ह म्हणजे जवळजवळ खात्री, माइट हॅव्ह म्हणजे शक्यता आणि कुड हॅव्ह म्हणजे तिच्याच जवळपासचे काहीतरी, अशी उतरंड रचून दाखवली आणि विचारले, की ती दहा माणसे कुठे गेली असतील, हे तू कसे सांगशील? वांगे उलटवत ती अहिराणीत म्हणाली, ‘‘बठ्ठा गया व्हतीन कथातरी.’’ म्हणजे, सगळे गेले असतील कुठेतरी. मी हे वाक्य बराच वेळ तपासून पाहिले. त्यात खात्री आहे, शक्यता आहे, अज्ञान आहे, विषय बदलण्याची सूचना आहे आणि सहायक क्रियापद फक्त एक. सरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, की परीक्षेत असे चालणार नाही.

परीक्षेत मला चाळीसपैकी साडेबत्तीस गुण मिळाले. अर्धा गुण गेला तो जहाजाच्या नावात. मी ‘मेरी’ऐवजी ‘मारी’ लिहिले होते. पुढे वाचनात आले, की आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८४ साली या घटनेवर बेतलेली एक कथा लिहिली तेव्हा जहाजाचे नाव हेच ‘मारी’ केले आणि पुढे लोकांच्या तोंडी तेच बसले. डॉयल यांना मानधन मिळाले आणि माझा अर्धा गुण कापला गेला, हे मी सरांच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर कार्यवाही करण्यात आली नाही. आणखी एक बाब मुनीमजींनी हिशेबाअंती काढली. जहाज सुखरूप किनाऱ्याला आणल्याबद्दल ‘देई ग्राशिया’च्या मंडळींना १,७०० पौंड बक्षीस मिळाले, म्हणजे पिंपामागे एक पौंडसुद्धा नाही. हे ऐकून त्यांना इंग्रजांविषयी प्रथमच आपुलकी वाटली.

त्या रविवारी मी तयारीनिशी बसलो. नातीला सगळी गोष्ट इंग्रजीत सांगितली, ‘हॅड’ जिथे हवा तिथेच लावला आणि प्रत्येक ‘हॅड’ला दुसरी घटना वेळेवर पोहोचती केली. ती एकदाही ‘अँड देन’ म्हणाली नाही. मग कागदातली, पण सरांनी व्याकरणाच्या सोयीची नाही म्हणून सोडून दिलेली एक ओळ मी तिला सांगितली: ब्रिग्ज पतिपत्नींना आर्थर नावाचा एक मुलगाही होता, बरोबर तुझ्याएवढा, सात वर्षांचा. त्याची शाळा बुडू नये म्हणून त्याला मॅसॅच्युसेट्समध्ये आजीपाशी ठेवले होते.

‘‘ही हॅड स्टेड विथ आजी?’’ तिने विचारले.

‘‘येस. ही हॅड बीन वेटिंग,’’ मी म्हणालो. हा काळ आमच्या वर्गात पुढच्या महिन्यात येणार होता, पण जिभेवर आपोआप आला.

‘‘अँड देन?’’

मी सौभाग्यवतीकडे पाहिले. ती पडद्यात डोकावली आणि नातीला अहिराणीत विचारू लागली, की मे महिन्याच्या सुट्टीला किती दिवस उरले.