परभणीच्या डॉक्टरसाहेबांना उत्तर: चक्कर, अर्धशिशी आणि माझं चुकलेलं शीर्षक

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मा उतरला. 'अर्धशिशीची चक्कर ओळखा मेंदूच्या लहरींवरून' या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं: हे निदान विचारपूस करून होतं, ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींचा आलेख) काढून नाही. असलं वाचून लोक उगाच पैसे घालवतात. चक्करेत ईईजीला काही कामच नाही, आणि तारा लावणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्या ईईजी टेक्निशियननी, निदानात पडू नये.

शीर्षक चुकलं. आजच बदललं. आत मी 'अभ्यासात असं दिसतं' असं जपून लिहिलं होतं, पण शीर्षक वाचून तिथेच थांबणारे जास्त, हे मला कळायला हवं होतं.

मी कशाच्या जोरावर लिहिलं तेही सांगते. ईईजी चालू असताना आम्ही पेशंटसमोर दिवा लुकलुकवतो. डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहरी त्या दिव्याचा ताल धरतात. दिव्याचा वेग सेकंदाला 20 च्या वर नेला तरी अर्धशिशीच्या बऱ्याच पेशंटांत हा ताल सुटत नाही. गोला आणि विंटर या संशोधकांनी 1959 मध्येच हे नोंदवलंय. पण डोकं कधीच न दुखलेल्या माणसातही तो सापडतो, आणि चक्करवाली अर्धशिशी कुठली, बिनचक्करची कुठली, हे त्यावरून ठरवता येत नाही. दोन गट शेजारी ठेवले तर फरक दिसतो. माझ्यासमोर कॉटवर पडलेल्या एकट्या बाईबद्दल तो काही सांगत नाही. डोकेदुखीच्या नेहमीच्या तपासणीत ईईजीचा उपयोग नाही, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1995 मध्येच सांगून ठेवलंय. व्हेस्टिब्युलर मायग्रेनचे, म्हणजे चक्करवाल्या अर्धशिशीचे, 2012 चे निकष तुम्हाला पाठ असतील, वाचकांसाठी लिहिते: चक्करेचे किमान 5 झटके, प्रत्येक 5 मिनिटं ते 72 तासांचा, आधी किंवा आता अर्धशिशी, निदान निम्म्या झटक्यांत डोकेदुखी, उजेड-आवाज सहन न होणं किंवा डोळ्यांपुढे चमकणं, आणि दुसरं कारण सापडत नसणं. त्यात ईईजीचं नावही नाही. हे लेखात यायलाच हवं होतं.

तुमच्याच बाजूचा आणखी एक मुद्दा देते. चक्कर चालू असताना डोळे थरथरतात, आणि डोळा हलला की कपाळावरच्या तारांत ही मोठी लाट उठते. नवखा माणूस ती मेंदूची समजतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही समजले होते!

पण 'काही कामच नाही' हे मला पटत नाही. चक्कर काही सेकंदांचीच, लगेच टक लावून बघत राहणं, हाक मारली तरी ओ नाही, नंतर काही आठवत नाही, असं घरचे सांगतात तेव्हा फिट्सची शंका घ्यावी लागते. तिथे ईईजी लागतो. तो नॉर्मल आला म्हणून फिट्स नाहीतच असंही नाही, हे आम्ही प्रत्येक नातेवाइकाला सांगून थकतो.

आता विचारपुशीचं. साहेब, ती घेतो कोण? माझ्याकडे आलेली जिंतूरकडची एक बाई चार वर्षं गळ्याला पट्टा लावून होती. 'मणक्याची चक्कर' म्हणे. ओपीडीत तिला दोन मिनिटं मिळाली. माझ्याकडे पाऊण तास होती, कारण नाकाच्या मुळापासून मागच्या हाडापर्यंत टेप लावायची, खुणा करायच्या, 21 तारा चिकटवायच्या. त्यात डोकं धुऊन या म्हटलं तरी बायका तेल लावूनच येतात, मग पेस्ट धरत नाही. ते तेल पुसता पुसता ती बोलली, "घर फिरायलंय बघा ताई, आन् खिडकीतला उजेड बी नको वाटायलाय. अंधारात पडून ऱ्हाते दीस दीस." आईलाही अर्धशिशी होती. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

ईईजी नॉर्मल आला. निदान मी सांगितलं नाही, ते माझं काम नाही, इथे तुमचं शंभर टक्के मान्य. मी एवढंच म्हटलं की घरी भिंतीवर कॅलेंडर असेल, दुधाचा हिशेब लिहिता त्याच्यावर चक्कर आली की टिंब द्या, डोकं दुखलं की फुली, आणि किती वेळ टिकली तेही लिहा. तीन महिन्यांनी तिने पानं फाडूनच आणली. 9 टिंबं, त्यातल्या 6 घरांत फुलीही. 4 टिंबं सोमवारी, आणि सोमवारी ती निरंकार उपास धरते. खाली 'अर्धा लीटर जादा' वगैरे तिच्या मुलाच्या अक्षरात.

आमच्याकडच्या न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना पानं दाखवली, त्यांनी पट्टा काढायला लावला आणि उपचार सुरू केले. पण कानाचीही नीट तपासणी एकदा व्हायला हवी, कूस बदलल्यावर क्षणभर गरगरतं असंही ती मधूनच म्हणते. ते आतल्या कानातले बारीक खडे जागचे हलल्यामुळेही असू शकतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. नांदेडला येण्यापेक्षा परभणी तिला जवळ. पुढच्या आठवड्यात तिला पानं घेऊन तुमच्याकडे पाठवू का?