कंपाइल कोसळलं म्हणजे रॅमच गेली? नाही

"कंपाइल करताना क्रॅश झालं की रॅम गेली समजा. मेमटेस्टची एक फेरी पास झाली तर रॅम चांगली, मग ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाका." नांदेड-परभणीकडच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. (कंपाइल म्हणजे कंपायलर नावाच्या प्रोग्रामने कोडचं मशीनला चालवता येईल असं रूपांतर करणं; मेमटेस्ट म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम.) तो वाचून कापसाच्या पैशातून शिकणारी पोरं नवी रॅम घेतात, म्हणून लिहितोय.

'क्रॅश म्हणजे रॅम गेली.' आधी स्क्रीनवर आलेल्या एररची शेवटची ओळ वाचा. तिथं 'किल्ड' किंवा सिग्नल ९ (प्रोग्राम जबरदस्तीने बंद केल्याची खूण) दिसला, तर बहुतेक वेळा रॅम खराब नसते, कमी पडलेली असते. लिनक्सच्या कर्नलनेच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यानेच, कंपायलर बंद पाडलेला असतो. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवलं की 'आउट ऑफ मेमरी' सापडतं. परवा एकजण असंच मशीन घेऊन आला. ४ जीबी रॅम आणि मेकला (कंपाइलची कामं चालवणाऱ्या कमांडला) दिलेलं 'जे ८', म्हणजे एकाच वेळी आठ कामं! 'जे २' केलं, काम सुरळीत पार पडलं.

सिग्नल ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोग्रामने मेमरीच्या चुकीच्या पत्त्याला हात लावणं), हे प्रकरण वेगळं. मेक पुन्हा चालवा. दरवेळी त्याच फाइलच्या त्याच ओळीवर अडलं, तर संशय कंपायलरवर. मागची जागा पार करून भलतीकडेच पडलं, तर हार्डवेअरवर. मात्र एक मेख आहे: खराब बिट (मेमरीतला एक ० किंवा १) डिस्कच्या कॅशमध्ये, म्हणजे फाइलींच्या रॅममध्ये ठेवलेल्या प्रतीत, अडकला असेल, तर चूक एकाच जागी दिसत राहते. म्हणून रीस्टार्ट करूनही एकदा पाहा. व्हिडिओत एक बिट उलटला तर कुणाला कळत नाही. कंपायलरच्या पॉइंटरमध्ये (मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या जागेत) उलटला की पत्ताच चुकतो आणि सगळं कोसळतं.

'एक फेरी पास म्हणजे रॅम चांगली.' हेही चूक. काही दोष तासन्‌तासांनी, मशीन तापल्यावरच उघडे पडतात. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावा, रात्रभर चालू द्या. एकही चूक आली तर ती चूकच. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवण्याची सोय, बंद करून बघा, पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने पुसा, एकेक पट्टी वेगळी लावून तपासा.

'मग ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाका.' त्याची घाई नको. मेमटेस्ट रात्रभर पास होऊनही कंपाइल कोसळण्याची जागा बदलत राहिली, तर प्रोसेसरचं तापमान आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बघा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी पडणारं कंपाइल पहाटे पाचला लावून पाहा. तेव्हा नीट झालं तर कॅबिनेट उघडा. हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या) पात्यांत बहुधा धुळीचा थर सापडेल.