बोअरच्या पाण्यानं टक्कल पडत नाही, तो मेसेज पुढं पाठवू नका

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायलाय, तुम्हालाही आला असणार. बोअरच्या पाण्यानं टक्कल पडतं आणि ते बुलढाण्यात सिद्ध झालंय, टक्कल आईकडूनच येतं, मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध लावलं की आहेत ते केस पण जातात, आणि शेवटी एक तेल, तीन महिने लावा केस परत येतील. हे वाचून पोरं आणि बाळंतीण बायका पैसे घालवायलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पाणी. नळाला पाणी नसलं की बोअरच्या पाण्यानं डोकं धुवावं लागतं आणि केस राठ होतात हे खरंय. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात, केस कोरडा पडून मधेच तुटतो. पण तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं. कंगव्यातला केस उजेडात धरून बघा की, एका टोकाला बारीक पांढरी गाठ असली तर तो मुळातून सुटलाय, दोन्हीकडं गाठ नसली तर तुटलाय. मूळ कातडीच्या आत असतं, तिथं हे क्षार काही करत नाहीत. आणि दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे. बुलढाण्याचं म्हणाल तर २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस पटापट गेले तेव्हा आधी संशय पाण्यावरच होता, पण विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखल्या जाणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियम नावाच्या खनिजाकडं बोट दाखवलं. मग पाण्यानं सिद्ध झालं कुठं?

आईकडून येतं हे अर्धंच खरं. एक महत्त्वाचा जीन आईकडून येतो, पण बाकीचे बरेच दोन्हीकडून येतात, वडिलांना टक्कल असेल तरी मुलानं लक्ष ठेवायला पाहिजे. अशा घराण्यातनं येणाऱ्या टकलात डीएचटी नावाच्या हार्मोनमुळं मुळं हळूहळू लहान होत जातात, केस दरवेळी आधीपेक्षा बारीक उगवतो, म्हणून कपाळाच्या कडा मागं सरकतात, बायकांचा भांग रुंद दिसायला लागतो.

मिनॉक्सिडिल हे मुळात बीपीचं औषध, ते घेणाऱ्यांना अंगावर केस यायला लागले म्हणून डोक्याला लावायचं औषध निघालं, अमेरिकेत १९८८ ला मंजूर झालं. सुरुवातीचे काही आठवडे केस जास्त गळू शकतात, कारण गळायच्या बेतातले जुने केस आधी सुटतात. लोक तिथंच घाबरून बंद करतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि सोडलं की फायदा जातो, हे आधीच माहीत असू दे. डीएचटी कमी करणाऱ्या फिनास्टेराइडच्या गोळ्या मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच, आणि गरोदर बाईनं तर फुटलेल्या गोळीला हात पण लावू नये.

आता तेल, सगळ्यात जास्त फसवणूक इथंच आहे. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं की दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ यायला लागतात. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका म्हणतात, बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, आणि वेळ अगदी बरोबर जुळते. शरीराला धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि मग एकदम सुटतात. मूळ शाबूत असतं, त्यामुळं बहुतेकांचे केस सहा-आठ महिन्यांत आपोआप भरतात. बाई घाबरून नेमकं त्याच वेळी तेल घेते, केस येतात, आणि नाव तेलाचं होतं. तीच बाटली मग पंचविशीतल्या पोराला दिली जाते ज्याची मुळं लहान व्हायलेत, त्याचं वर्ष तेलात जातं आणि औषधाचा जास्त उपयोग होण्याची वेळ निघून जाते. मला राग येतो तो याचा.

तेल लावू नका म्हणत नाही, केस मऊ राहतात. पण गळती सहा महिन्यांवर गेली तर चामडीच्या डॉक्टरला दाखवा, बेळगावच्या बिम्स या सरकारी हॉस्पिटलला ओपीडी आहे. बायकांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघून घ्या, लोह कमी असेल तर वरनं काय लावून उपयोग. गोल गुळगुळीत चाई पडली तर त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते, त्याचे उपचार वेगळे. आणि लहान पोराच्या डोक्यात खाज, कोंडा आणि चट्टा एकत्र दिसला तर ते बहुतेक बुरशीचं असतं, घरातल्या दुसऱ्या पोराला पण लागतं, त्याला काही आठवडे पोटातनं गोळ्या लागतात, तेल चोळत बसू नका.