पोरींपुढे उभं कोण राहणार?

‘गाइडचा चार्ज आला माझ्याकडे,’ असा नागपूरहून मैत्रिणीचा मेसेज आला आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. गाइड म्हणजे शाळेतलं मुलींचं स्काउट. ती सदरजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. आधीच्या मॅडम निवृत्त झाल्या. स्टाफ मीटिंगमध्ये मुख्याध्यापकांनी सगळीकडे नजर फिरवली आणि जिने मान खाली घालायला उशीर केला तिच्या नावापुढे ‘गाइड कॅप्टन’ लागलं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात इथे ओहायोत मलाही विचारणा झाली होती. माझी मुलगी पाचवीत आहे. ती अमेरिकन हेरिटेज गर्ल्स या मुलींच्या, स्काउटसारख्या ख्रिस्ती संघटनेच्या ट्रूपमध्ये, म्हणजे गावातल्या गटात, जाते. तिच्या वयाच्या मुलींच्या गटाला एक्स्प्लोरर म्हणतात आणि त्या गटाला युनिट लीडर हवी होती. पगार नाही, मानधन नाही, उलट पेट्रोल आपलं. ही संघटना १९९५मध्ये आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या वेस्ट चेस्टरमध्ये पॅटी गॅरिबे आणि काही पालकांनी सुरू केली. निमित्त झालं होतं १९९३च्या एका निर्णयाचं. गर्ल स्काउट्स या अमेरिकेतल्या मुलींच्या जुन्या स्काउट संघटनेच्या शपथेतला ‘गॉड’ हा शब्द ज्या मुलीला नको असेल तिने त्या जागी स्वतःच्या श्रद्धेचा दुसरा शब्द वापरावा, अशी मुभा तेव्हा दिली गेली. काही आईबापांना ते पटलं नाही. त्यांनी वेगळी चूल मांडली.

या ट्रूपमध्ये मोठ्यांच्या कामांची जी वाटणी आहे, ती पाहून मी आधी हसले होते. ट्रूप कोऑर्डिनेटर, तिची व्हाइस, ट्रेझरर, प्रत्येक वयोगटाच्या युनिट लीडर, ज्या चर्चच्या आश्रयाने ट्रूप चालतो त्या चर्चचा प्रतिनिधी, आणि मुलींच्या प्रार्थना-मननाची जबाबदारी घेणारी ‘शेफर्ड’. (आमच्या मराठी चर्चमध्ये रेव्हरंडना पाळक म्हणतात, त्यामुळे हा शब्द मला परका वाटला नाही.) पंचवीस-तीस पोरींसाठी एवढा दरबार कशाला, असं वाटायचं. मग लक्षात आलं, की कोणाही एका बाईच्या डोक्यावर सगळं नाही. पैशाचं विचारायचं तर एकीला, बॅजचं विचारायचं तर दुसरीला. आणि दोन नोंदणीकृत मोठी माणसं हजर नसतील तर बैठक सुरूच होत नाही. लीडर होण्याआधी पोलिसी नोंदींची तपासणी होते, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

आणि एक सही. लीडर होणाऱ्या प्रत्येकीने ख्रिस्ती विश्वासाच्या निवेदनावर सही करायची. मुलगी कुठल्याही धर्माची चालते, पुढे उभी राहणारी बाई मात्र ख्रिस्तीच हवी.

मी नागपूरची मराठी ख्रिस्ती. सहा ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आणि आमच्या घरी ही तारीख वाढदिवसासारखी सांगितली जायची. निवेदनातल्या एकाही वाक्याशी माझं भांडण नाही. लहानपणापासून रविवारी उभं राहून मी तेच म्हणत आले आहे. तरी तो कागद तीन आठवडे फ्रीजवर संत्र्याच्या आकाराच्या चुंबकाखाली लटकत राहिला.

कारण मुलीला सोडायला माझ्यासोबत माझी शेजारीण येते, मूळची अकोल्याची. तिचीही मुलगी याच ट्रूपमध्ये आहे. खाऊ आणते, तंबू उभारते, मुलींना शिवण शिकवते, तिच्याइतकं शांतपणे शिकवणारं मी तिथे दुसरं कोणी पाहिलं नाही. पण लीडर मी होऊ शकते, ती नाही. ती घरी देवपूजा करते.

हे मी मैत्रिणीला सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

‘म्हणजे मी तिकडे राहायला आले असते तर मला नसतं घेतलं?’

‘नसतं.’

‘आणि इथे तुला पेट्रोल लीडर केलं, तेव्हा तुझा धर्म कोणी विचारला होता बे?’

(पेट्रोल म्हणजे सहा ते आठ मुलींची तुकडी, गाडीतलं नव्हे.) कोणीच विचारला नव्हता. आमच्या कॅप्टन मॅडम गुरुवारचा उपवास करायच्या आणि नाताळात आईने पाठवलेला केक दुसऱ्या दिवसासाठी रुमालात बांधून ठेवायच्या. गाइडच्या वचनात ‘ईश्वर’ हा शब्द आहे आणि ज्यांना हवं त्यांनी त्याऐवजी ‘धर्म’ म्हणावं, अशी सोय भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या नियमांतच आहे. मी ‘ईश्वर’ म्हणायचे. माझ्या शेजारी इंदोऱ्याहून येणारी बौद्ध मुलगी उभी असायची, ती ‘धर्म’ म्हणायची. तीस पोरींच्या आवाजात दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून जायचे आणि मॅडमचं सगळं लक्ष कोणाचा स्कार्फ वाकडा आहे याकडे. ज्या शब्दावरून इकडे एक संघटना फुटली तो शब्द आम्ही ऑगस्टच्या उकाड्यात, घाम पुसत, दोन तऱ्हांनी म्हणून मोकळ्या व्हायचो.

मग ट्रूपचा नियम अन्यायाचा आहे का? मी स्वतःला उलटा प्रश्न विचारून पाहिला. लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६मध्ये वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती ही हिंदू स्त्रियांची संघटना स्थापली. माझ्या वर्गातल्या काही मुली तिच्या शाखेत जायच्या. तिथे मी शिक्षिका झाले असते का? नाही. त्याचा मला कधी राग आला का? तोही नाही. ते त्यांचं घर होतं, त्यांनी ठरवलेलं. ज्या संघटनेचा पायाच श्रद्धा आहे तिने पुढे उभ्या राहणाऱ्या माणसाकडून ती श्रद्धा मागावी, आणि आडून नव्हे, कागदावर लिहून मागावी, यात मला खोट दिसत नाही. मनात एक ठेवून जाहिरातीत दुसरं छापणाऱ्यांपेक्षा हे बरं. शिवाय शेजारणीला दुसरा रस्ता आहे. गर्ल स्काउट्सचा ट्रूप त्याच गावात भरतो, तिथे तिला कोणी सही मागणार नाही.

पण हे सगळं मी बोलते आहे ती इथल्या बहुसंख्याकांच्या अंगणात उभी राहून, हे मैत्रिणीने अचूक पकडलं. नागपुरात मी दोन टक्क्यांचीही नव्हते. तिथे शाळेतल्या गाइड कंपनीने (शाळेतल्या गाइडच्या गटाला कंपनी म्हणतात) असा कागद पुढे केला असता तर वडील दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकावर असते. शाळेचं मैदान सगळ्यांचं, म्हणून तिथे ‘ईश्वर किंवा धर्म’ हवंच. इंग्रजांच्या काळात सुरुवातीला भारतीय मुलांना स्काउटमध्ये घेत नव्हते, म्हणून अॅनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय-हृदयनाथ कुंझरूंना वेगळ्या संघटना काढाव्या लागल्या होत्या. अनेक चुली एकत्र करून १९५०मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स झालं. ते मैदान फुकट मिळालेलं नाही.

आणि आता त्या मैदानावर कोण उभं आहे? चार्ज आलेली गणिताची मॅडम. मला खरी चिंता याची आहे. जून २०२५मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची कल्पना मांडली. माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसी, स्काउट-गाइड या सगळ्यांची मदत घ्यायची असं ते बोलणं होतं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री चालली. अर्धे म्हणाले, शिस्त लागेल. अर्धे म्हणाले, सहा वर्षांच्या लेकरांना कवायत कशाला. परेडचे फोटो आले, जपानचे दाखले आले. मुलांपुढे उभा राहणारा माणूस स्वतःहून आलेला असेल की आदेशाने, त्याला कोणी तपासलेलं असेल का, त्याच्या जोडीला दुसरं मोठं माणूस असेल का, हे दोनशेच्या वर मेसेजमध्ये एकानेही विचारलं नाही. मीही नाही, खरं सांगायचं तर.

आमचा सेमिनरी हिल्सचा हाइक मला त्यानंतर आठवला. मॅडम एकट्या, आम्ही चाळीसच्या वर. उतारावर एकीचा पाय मुरगळला. मॅडम तिच्यापाशी बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, पेट्रोल लीडरच्या मागे रांगेत शाळेत जा. मी चौदा वर्षांची. रांग घेऊन भर दुपारी चालत आले. त्या वेळी फार अभिमान वाटला होता, ध्रुव गाठ पहिल्यांदा जमली त्याहून जास्त. आज माझी मुलगी अशी आली असती तर मी ट्रूप डोक्यावर घेतला असता. नियमाने कंपनी बत्तीस मुलींची, आणि कॅप्टनला मदतनीस हवी हेही कागदावर होतं. मॅडमचा यात दोष काय? शाळेतल्या एकाही आईला कोणी कधी बोलावलंच नव्हतं. आमच्या आयांना वाटायचं, फी भरली, युनिफॉर्म इस्त्री केला, झालं.

मी सही केली, गेल्या मंगळवारी. मीटिंगमध्ये मात्र विचारलं, की लीडर नसलेल्या आईने शिवणाचा बॅज पूर्ण शिकवला तर तिचं नाव कुठे लिहायचं. कोऑर्डिनेटर म्हणाली, तशी जागा फॉर्मवर नाही, ती चर्चच्या प्रतिनिधीला विचारून सांगेल. अजून सांगितलेलं नाही. शेजारणीला मी सहीबद्दल गाडीतच सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं कर ना, नाहीतर पोरींचं शनिवारचं बंद पडेल.’ आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

मैत्रिणीने गाइड कॅप्टनच्या बेसिक कोर्सचा फॉर्म भरलाय, कुरकुरत. शाळेच्या पालकसभेत ती उभी राहून म्हणाली, की फुटाळा तलावापर्यंतच्या हाइकला मला एक आई सोबत हवी. तीन हात वर झाले. त्यातली एक शाळेबाहेर भाजीची गाडी लावते, तिला सकाळी नऊनंतरच जमतं. म्हणून हाइक साडेनऊला ठेवलाय आणि ऊन वाढायच्या आत परत कसं यायचं यावर सध्या आमचं फोनवर भांडण चालू आहे.