सम्राट होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

तुम्हाला सम्राट व्हायचंय ना? मग आधी तोफा घ्या. 1514 साली चाल्दिरानच्या लढाईत इस्तंबूलच्या उस्मानी (ऑटोमन) सुलतान सलीमने आणि 1526 साली पानिपतला बाबराने हेच केलं. गाड्या एकमेकींना बांधायच्या, आडून बार काढायचे आणि समोरच्याला तलवारीचे हात दाखवायला मोकळं रान सोडायचं.

मग भाऊबंदकी. यात इस्तंबूलवाले फार शिस्तीचे. तिसऱ्या मेहमेदने 1595 साली तख्तावर येताच 19 भाऊ संपवले. वाटणीचा प्रश्नच मिटला.

खरी मेख पुढे आहे. सरदारांना पगार लागतो. तो रोख देऊ नका, मुघलांसारखी जहागीर द्या आणि तीही दर तीन-चार वर्षांनी बदला, म्हणजे मुळं रुजत नाहीत. पुढच्या साली आपण इथे नसू हे कळलं की सरदार विहिरीवर पैसा घालत नाही, रयतेच्या कणगीत हात घालतो. तुमचं काय जातं? जहागिरी अपुऱ्या पडल्या तर शेजारचं राज्य आहेच. औरंगजेबाने 1686 ला विजापूर घेतलं, 1687 ला गोवळकोंडा. तिथे तोफा-सुरुंग आठ महिने थकले, शेवटी दरवाजा आतल्या फितुरानेच उघडला. पण बुडवलेल्या राज्याचे सरदारही पदरी घ्यावे लागतात, आणि त्यांनाही जहागिरी हव्या असतात. पंगत वाढली, पातेलं तेवढंच. मग काय, पुढचा मुलूख!

तो आमचा निघाला. साताऱ्याला 1700 साली सुरुंग लावले. पहिल्यात किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसरा उलट्या बाजूला उडाला. हल्ल्यासाठी खाली दबा धरून बसलेले बादशहाचेच लोक दगडांखाली गेले. अखेर बोलणी होऊन किल्ला मिळाला, तर त्याचं नाव ठेवलं आझमतारा. हे नाव कितपत रुजलं ते साताऱ्याच्या एसटी स्टँडवर विचारून बघा.

सुरुंग नको असतील तर रोखीचा व्यवहारही चालतो. किल्लेदार रक्कम मोजून घेतो, माणसं घेऊन खाली उतरतो आणि तुमची छावणी हलली की मराठे पुन्हा वर! पावती मागू नका.

आणि हो, राजधानीत बसू नका. 1681 ला दक्षिणेकडे निघालेल्या औरंगजेबाने दिल्ली पुन्हा पाहिली नाही. तंबूंचं अख्खं शहर घेऊन तो 25 वर्षं हिंडला. सातारा घेतला त्याच साली खवासपूरला माण नदीकाठी मुक्काम असताना रात्री पूर आला. ऐंशी उलटलेला बादशहा धावपळीत घसरला, गुडघा निखळला, तो पाय कायमचा अधू झाला. दरबारी म्हणाले, हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा!

अशी माणसं दरबारात हवीतच. त्यांची जहागीर तेवढी थकवू नका.