1662चं प्रभुभोजन म्हणजे इंग्रजीतली मिस्सा नव्हे

प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस वाटण्याचा विधी; कॅथलिक चर्चमध्ये त्याला मिस्सा म्हणतात. ‘अँग्लिकन (इंग्लंडच्या) चर्चचा जुना प्रभुभोजनविधी म्हणजे कॅथलिक मिस्साच, फक्त लॅटिन काढून इंग्रजी घातलेली,’ असा मजकूर बराच फिरतो आहे. त्यातले दावे या चर्चच्या 1662च्या प्रार्थनापुस्तकासमोर टिकत नाहीत.

‘प्रार्थना जुन्याच, क्रमही तोच.’ प्रार्थनांबद्दल हे बरंचसं खरं आहे. 16व्या शतकात पहिली इंग्रजी प्रार्थनापुस्तकं तयार करणारे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी अनेक प्रार्थना लॅटिन विधीतूनच घेतल्या. क्रम मात्र त्यांनी 1552च्या पुस्तकात मोडला, आणि 1662मध्येही तो तसाच राहिला. मिस्सेत सुरुवातीला येणारं ग्लोरिया हे स्तुतिगीत इथे शेवटी, आशीर्वादाच्या आधी येतं. सुरुवातीला दहा आज्ञा. आणि खरा गाभा पुढे आहे. लॅटिन विधीत ख्रिस्ताच्या शब्दांनंतर अर्पणाची प्रार्थना चालूच राहते. इथे ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ झालं, आमेन म्हटलं, की भाकर आणि प्याला थेट लोकांच्या हाती. स्तुतीचं अर्पण स्वीकारण्याची विनंती त्यानंतर, तीही पर्यायी. ही निव्वळ भाषांतराची गोष्ट म्हणणं क्रॅन्मर यांच्यावर अन्याय आहे.

‘गुडघे टेकतात, म्हणजे भाकरीची पूजा करतात.’ विधीच्या शेवटी छापलेली सूचनाच सांगते की गुडघे टेकणं कृतज्ञतेसाठी आहे, भाकरीच्या वा द्राक्षारसाच्या आराधनेसाठी नव्हे.

‘उरलेली पवित्र भाकर चर्चमधल्या पेटीत जपून ठेवतात.’ अँग्लिकन चर्चला कॅथलिक परंपरेकडे वळवणाऱ्या 19व्या शतकातल्या ऑक्सफर्ड चळवळीनंतर काही चर्चमध्ये ही प्रथा आली, हे खरं. पण 1662चा नियम असा: पवित्र केलेलं उरलं तर ते चर्चबाहेर न्यायचं नाही, आशीर्वादानंतर लगेच पाळकाने आणि त्याने बोलावलेल्या सहभागींनी ते तिथेच आदराने संपवायचं. येणाऱ्यांनी किमान आदल्या दिवशी पाळकाला नाव कळवायचं, असाही नियम आहे. द्राक्षारस सुरईत असेल तर पवित्रीकरणाच्या वेळी पाळकाने प्याल्याबरोबर तिच्यावरही हात ठेवायचा. वाटप संपण्याआधी द्राक्षारस संपला, तर बाटलीतला नुसता ओतून भागत नाही. पवित्रीकरणाच्या प्रार्थनेतले ‘त्याचप्रमाणे भोजनानंतर’ इथपासूनचे शब्द पुन्हा म्हणायचे. भाकर संपली तर ‘ज्या रात्री’पासून.

‘पाळक एकटाही प्रभुभोजन उरकू शकतो.’ नाही. पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) सहभागास योग्य अशी वीसच माणसं असली, तरी पाळकासोबत किमान तिघे सहभागी हवेत. नसतील तर त्या दिवशी प्रभुभोजन होत नाही.